एकसष्टावी सोयरीक

नानांच्या खिशात एक डायरी असते. दिवाळीला साखर कारखाना सभासदांना वाटतो तसली, लाल रेक्झिनची. सुरुवातीच्या पानांवर ऊसबिल, सोसायटीचा हप्ता, मुळेच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार वगैरे. पण डायरी मागून उलटी धरली की नानांचं खरं काम सुरू होतं. मुलगा, मुलगी, दोन गावं, तिथी आणि पुढं एकच शब्द: 'जमलं'. अशी साठ 'जमलं' त्या डायरीत आहेत. राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, पाथर्डी, चारही तालुक्यांत नानांनी जमवलेल्या सोयरिकी नांदतायत. आमच्या जिल्ह्यात निवडणुकीचा निकाल लागला की हरलेला हा जिंकलेल्याचा साडू निघतो. अशा ठिकाणी सोयरीक जमवणाऱ्या माणसाला काय किंमत असेल, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही.

अशा माणसाला गेली दोन वर्षं स्वतःचा फोन स्वतःच्या गाडीला जोडता आलेला नाही.

गाडी जुनी घेतलेली, पांढरी, मधोमध पडदा असलेली. घ्यायला गेलो तेव्हा मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो, टायर बघत होतो. नाना पडद्यासमोर चष्मा लावून बसले होते. आधीच्या मालकाच्या घरातले जोडलेले फोन अजून त्या यादीत तसेच होते: 'पप्पा', 'पप्पा नवीन', 'दादा', 'वहिनी', 'आर्मी लव्हर'. नानांनी त्या यादीवरून घराची वंशावळ मांडली. "पप्पांनी फोन बदललाय, म्हंजी हातात पैसा हाय. वहिनी तिच्या फोनावरची गाणी वेगळी लावती, म्हंजी वाटणी जवळ आली. आन हा आर्मी लव्हर बिनलग्नाचा हाय." गाडीचा व्यवहार मिटायच्या आत त्यांनी आर्मी लव्हरसाठी स्थळ सुचवलं होतं. (जमलं. एकोणसाठावं.)

गाडी यायच्या आधी नानांकडं मोटारसायकल होती आणि तपकिरी मफलर होता. फोन उजव्या कानाशी उभा धरायचा, त्यावरून मफलरचे दोन वेढे, गाठ हनुवटीखाली. दोन्ही हात हँडलवर मोकळे. राहुरीपासून नेवासा फाट्यापर्यंत नाना असे बोलत जायचे. मधे ट्रक गेले, उसाच्या बैलगाड्या आडव्या आल्या, बोलणं कधी तुटलं नाही. गाडी आल्यावर पुण्याहून मुलाचा फोन आला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झालीय, हातात फोन दिसला की दंड, तेव्हा ते मफलरचं बंद करा आणि ब्लूटूथ लावा. नाना म्हणाले, माझ्या हातात कुठं असतो? पण मुलगा ऐकेना.

मग मला बोलावणं आलं. मी एमएस-सीआयटी केलेलं, म्हणून आमच्या भावकीत मी इंजिनियर.

जोडणीचा तो पहिला दिवस मला लख्ख आठवतो. अंगणात गाडी चालू. फोनवर गाडीचं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं. सहा आकडे फोनवर आले, तेच सहा आकडे गाडीच्या पडद्यावर. दोन्हीकडं जुळतात का बघायचं आणि दोन्हीकडं 'होय' म्हणायचं, एवढंच काम. पण नाना पडले मुरलेले मध्यस्थ. "थांब," म्हणाले, "घाई करू नको. आधी बघून घेऊ." चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, घातला. एकेक आकडा मोठ्यानं वाचला. घरात हाक मारून नानीला बोलावलं, तिच्याकडून खात्री करून घेतली. तोवर दोन्ही बाजूंचे आकडे निघून गेले आणि गाडीनं 'जोडणी झाली नाही' असं लिहिलं. नाना म्हणाले, "पाव्हणं उठून गेलं."

तिसऱ्या खेपेला जमलं. नानांनी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं फोन ओळखला नाही.

इथून पुढं नानांच्या आयुष्यात एक नवा आजार शिरला. कधी फोन आपोआप जोडला जायचा, कधी नाही. कधी गाणी वाजायची पण बोलणं ऐकू यायचं नाही. बोलण्याची वाट वेगळी आणि गाण्याची वेगळी असते, एक जोडली गेली म्हणजे दुसरी जोडली जाईलच असं नाही, हे मी समजावून सांगितलं. नाना म्हणाले, म्हंजी जेवायला येतो पण बोलत न्हाई, असला जावई. नगरजवळ अरणगावला मेहेरबाबांनी १९२५ साली मौन धरलं आणि १९६९ साली देह ठेवेपर्यंत पाळलं. आपल्या गाडीनं तिथंच अनुग्रह घेतला असेल, असं मी एकदा म्हणून गेलो. नाना आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यातच त्यांनी फोन बदलला. नंबर तोच, सिम तेच, आतली माणसं तीच, पण गाडी ओळख देईना. गाडीला नंबर कळत नाही, हँडसेट कळतो. प्रत्येक हँडसेटला जन्मजात आपला वेगळा क्रमांक असतो. नानांना हे लागलं. "२०२४ ला अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आपण अजून नगरला जाऊन येतो म्हणतो, कुणाचं काय अडलं? माणूस वळखायचा सोडून ही डबी वळखती."

मी म्हटलं, जुना फोन यादीतून काढू, नवा घालू. पडद्यावर आलं: 'हे डिव्हाइस विसरा'. नानांचं बोट थांबलं. विसरा? दोन वर्षं ज्यानं साथ दिली त्याला? मी सांगितलं, जोडणी झाली की दोघंही एकच किल्ली आपापल्याकडं जपून ठेवतात. एकानं किल्ली टाकली आणि दुसऱ्यानं ठेवली, तर सगळा घोळ होतो. विसरायचं तर दोन्हीकडून विसरायचं. हे मात्र नानांना चटकन पटलं. एकतर्फी काडीमोड त्यांनी कधी होऊ दिलेला नव्हता.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, ह्या ब्लूटूथचा मूळ पुरुष कोण? मला ठाऊक होतं, सांगितलं. दहाव्या शतकात डेन्मार्कला हाराल्ड नावाचा राजा होता, टोपणनाव ब्लूटूथ, निळदंत. त्यानं डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणले. फोन बनवणारे आणि संगणक बनवणारे एकत्र यावेत म्हणून खटपट चालली होती, तेव्हा १९९७ साली जिम कार्डाक नावाच्या इंजिनियरनं हे नाव सुचवलं. ते निळं चिन्हसुद्धा त्या राजाच्या नावातली दोन जुनी अक्षरं एकमेकांवर चढवून केलंय.

"म्हंजी मध्यस्थच की," नाना सावरून बसले. "शेवट कसा झाला त्याचा?"

"पोटचा पोरगा उलटला. राज्य सोडून पळावं लागलं, तिकडंच गेला."

नानांनी बराच वेळ मान हलवली. "मध्यस्थाचं असंच व्हतं."

त्या जोरावर मी पुढं बोललो आणि चुकलो. म्हटलं, हे यंत्र एका वाटेवर थांबतच नाही. ७९ वाटा, त्यांवर सेकंदाला १६०० उड्या. म्हणजे गर्दी असली तरी कुठंतरी मोकळी वाट सापडते. नाना उठून उभे राहिले. "सेकंदाला सोळाशे? आमच्या झेडपीत पाच वर्षांत दोन उड्या मारल्या तरी लोक नाव ठेवतात. ज्याचा पाय ठरंना त्याला पोरगी कोण दील?"

नगरच्या एका दुकानात नेलं. तिथल्या पोरानं पाच मिनिटांत जोडून दिलं, पैसे घेतले नाहीत. सावेडीतून बाहेर पडेपर्यंत पुन्हा तुटलं. नानांनी गाडी कडेला घेतली आणि नगर शहराचा उद्धार केला. "हितं लष्कराच्या गाड्या तपासायची एवढी मोठी संस्था. रणगाड्यांचं म्युझियम. आन एक फोन गाडीला टिकवून दील असा माणूस न्हाई." मग त्यांना एसटी आठवली. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर आणि पुण्याच्या दरम्यान धावली, याचा नानांना स्वतः चालवल्यासारखा अभिमान आहे. "कंडक्टरनं दोरी वढली की ड्रायव्हरपाशी घंटी वाजायची. मधी राजा न्हाई, डेन्मार्क न्हाई."

मी घंटीवर काय बोलणार!

आता एकसष्टाव्याबद्दल. वैशाख होता. मुलाकडची मंडळी घेऊन नेवासा तालुक्यात मुलगी पाहायला निघालो. नाना गाडी चालवतायत, शेजारी मी, मागं मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. मुलीकडून वाट सांगायला फोन येणार होता, म्हणून नानांना त्या दिवशी ब्लूटूथ हवंच होतं. सोनई ओलांडली तरी जोडेना. तेव्हा आमचा शेवटचा उपाय: गाडी बंद करायची, चावी काढायची, चारही दारं उघडायची, तीस आकडे मोजायचे, दारं लावायची, चालू करायची. दार उघडल्याशिवाय तो पडदा पुरता झोपत नाही. शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर, ज्या गावात घरांना दारंच नाहीत त्या गावाच्या वेशीवर, आम्ही पाच माणसं भर उन्हात गाडीची दारं उघडत-लावत उभी होतो. दर्शनाला निघालेल्या लोकांना तो काहीतरी विधी वाटला. एका बाईनं नमस्कार केला.

जोडलं नाहीच. विचारत विचारत पोचलो.

चहा-पोहे झाले, मुलगी येऊन गेली, आता बोलणी. मामाला उकडत होतं, तो "मी जरा गाडीत बसतो" म्हणून एसी लावून बसला. नाना बोलणीला बसायच्या आधी नेहमी नानीला फोन करतात. सोयरिकी नानांच्या नावावर, अक्कल नानीची. ते ओसरीवरून उतरून आठ-दहा पावलांवर लिंबाखाली गेले, फोन कानाला लावला. आणि दोन वर्षं रुसलेल्या त्या गाडीनं, दहा मीटरच्या आत आपला धनी आलाय हे ओळखून, तो फोन अलगद आत ओढून घेतला.

लिंबाखाली नाना "हॅलो, हॅलो" करत फिरू लागले. गाडीत नानी चारही स्पीकरांतून बोलू लागली.

"आवो, मॅनेजर म्हणून सांगू नका बरं का. पोरगं सुप्याला सुपरवायझर हाय, शिफ्टवर जातंय, तेच सांगा."

"हं," मामा म्हणाला.

"सात एकर सांगू नका. साडेतीन हाय, बाकीची भावकीच्या वादात हाय. पोरगं दिसायला साधारण हाय, पण निर्व्यसनी हाय."

"हं."

"आन त्या मामाला पुढं बोलू देऊ नका. लई इरसाल हाय. पोराच्या आईला इचारा, तीच शानी हाय त्या घरात."

"हं हं," मामा म्हणाला आणि खाली उतरला.

मी ओसरीवर होतो. मामा तडक मुलीच्या वडिलांसमोर जाऊन बसला आणि नानीनं सांगितलेलं सगळं, स्वतःबद्दलच्या शेवटच्या वाक्यासकट, जसंच्या तसं बोलून मोकळा झाला. घरात शांतता. मुलीचे वडील जरा वेळानं म्हणाले, "हे चौदावं स्थळ. मॅनेजर नसलेलं पहिलंच." आत विचारणा झाली, मुलीनं होकार दिला. सुपारी तिथंच फुटली.

नाना लिंबाखालून आले तेव्हा अजून फोनची काच पुसत होते. "रेंज न्हाई," म्हणाले, "आता बसू बोलणीला."

त्या लग्नात नानांना फेटा बांधला, पहिल्या रांगेत बसवलं. पण डायरीत त्यांनी त्या नोंदीपुढं 'जमलं' लिहिलं नाही. 'गाडीनं जमवली' असं लिहिलंय. मी स्वतः वाचलंय.

आता गाडीचा तो पडदा कायमचा बंद आहे, त्यावर नानीनं क्रोशाचा रुमाल टाकलाय. तेव्हा राहुरी-सोनई रस्त्यावर ऐन मे महिन्यात पांढऱ्या गाडीत कुणी काचा लावून, कानाला तपकिरी मफलर बांधून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मोठ्यानं बोलत चाललेला दिसला, तर ते आमचे नाना. घरात लग्नाचं कुणी असेल तर हात करा, थांबतील. मात्र मॅनेजर सांगू नका. नानी खोदून विचारते.