भिंतीवरनं बोलतो, आण्णा

काय आण्णा, कधी आलासा? रात्री? तरीच. बारा वाजता तुमच्या मधल्या खोलीत दिवा दिसला, मी काठी घेऊन उठालतो. आमची ही म्हटली, गप झोपा, चोर असता तर "अगं ती पिशवी आधी घे" म्हणून गल्ली उठवली नसती त्यानं.

आषाढात गेलासा ते दिवाळी करूनच आलासा की. बरं चाललंय न्हवं सगळं? आणि हे काय हलालंय तुमच्या मागं? अगं बाबौ. आण्णा, हे कुत्रं हाय का वासरू? लॅब्राडोर? पोराचं? म्हंजे पोरगं गेलं जर्मनीला आणि हे आलं तुमच्या वाटणीला. नातू सांभाळायला मागत होतासा, देवानं ऐकलं म्हणायचं, पण वाईच इस्कटून सांगायला पाहिजे होतं त्याला.

नाव काय? ब्रूनो? घ्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरं बाळू करून टाकतात का न्हाई बघा. वहिनी काय म्हणतात? स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा न्हाई? मग हे आत्ता त्यांच्या मागनं आत गेलं ते काय देवाला नमस्कार कराय?

खातंय काय? पाकिटातलं? रोज तेच? आण्णा, रविवारी आमच्यात मटण शिजतंय, वास तुमच्या न्हाणीपर्यंत येतोय, ह्या मुक्या जीवानं काय करायचं? काय म्हणतासा, कांदा-लसूण बाधतंय त्याला? मग कोल्हापुरात आणलंसा कशाला! न्हाई, खरं असेल. आमच्या भाच्याच्या कुत्र्यानं शिजलेलं हाड खाल्लं, त्याची कुसळं होऊन आत घुसली, डॉक्टरनं एक्स-रे दाखवला, भाचा दोन दिवस जेवला न्हाई. तेव्हापासनं हाड बंद. आपण असं करू, आलं-लसूण लावायच्या आधी चार फोडी नुसत्या पाण्यात उकडून काढू. मीठ पण न्हाई. तांबडा-पांढरा आपण दोघं बघून घेऊ.

पण तुमचा पाडवा हुकला आण्णा. यंदाचा पाडवा म्हंजे काटा किर्र! आमच्या मेव्हण्याची म्हस होती की. व्हय, गवळी गल्लीतला. पंधरा दिवस घरात पाव्हणा आला तर त्याला कुणी पाणी इचारत न्हवतं, सगळी म्हशीच्या मागं. आधी मशीन लावून तिचे केस काढले, पाठीवर तेवढे ठेवून त्यात तालमीचं नाव कोरलं. कोरणारा नाभिक एवढा गुंतलेला, की मेव्हण्याच्या दाढीला त्याच्याकडं वेळ न्हाई. मग काचेच्या तुकड्यानं शिंगं तासली, तेल लावलं, रंग दिला. पंढरपुरी म्हस ती, शिंगं खांद्याच्या मागं तलवारीगत गेलेली, रंगवायला दोन माणसं लागली. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर गोंडे, वर मोरपिसांचा तुरा. मेव्हण्याच्या बायकोनं मला हळूच सांगितलं, "दाजी, माझ्या लग्नात मला एवढं सजवलं न्हवतं." मी काय बोलणार? मी त्या लग्नात होतो. खरं होतं ते.

आणि मग ते मोटरसायकलचं! सायलेन्सर काढलेली गाडी पुढं, फाड फाड फाड, मागं एवढं मोठं धूड धावालंय. दावं न्हाई, वेसण न्हाई. दोन्ही बाजूला ही गर्दी, शिट्ट्या, हलगी, आणि म्हस सरळ मालकाच्या गाडीमागं. मेव्हणा म्हणतो, ती गाडीच्या आवाजामागं धावत न्हाई, माझ्या हाळीमागं धावती, रेडकू होतं तेव्हापासनं सवय केली. तर यंदा काय झालं, पहिली फेरी झकास झाली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीला ह्यानं गाडी रेस केली, हाळी दिली, ऐटीत निघाला, मागं वळून बघतोय तर म्हस जाग्यावर. शेजारच्या म्हशीच्या गळ्यातला झेंडूचा हार खात उभी! शांतपणे, एकेक फूल. त्या म्हशीचा मालक बोंबलालाय, हा गाडी वळवून आलाय, पब्लिक हसून लोळालंय, आणि ही आपली हार संपेपर्यंत जागची हलली न्हाई. संपला, मग धावली. घरात आता भांडण कशावरनं, तर पोरं म्हणतात व्हिडिओ सगळीकडं फिरला म्हंजे आपण जिंकलो, आणि मेव्हणा म्हणतो माझी अब्रू गेली.

आता ती गाडीची फाडफाड मला पटत न्हाई, सांगून ठेवतो. कान बसतात, म्हातारी माणसं दचकतात, जनावराला तरी काय सुख? पण हे मेव्हण्यासमोर बोलायची माझी छाती न्हाई.

तुम्ही त्या कुत्र्याला फिरवायला लाजालायसा न्हवं? दिसतंय की मला, अंधार पडायची वाट बघालायसा. अहो, ह्या गावात जनावर घेऊन रस्त्यात जायला कोण लाजलंय कधी? शाहू महाराजांच्या वेळी चित्ते होते पाळलेले. चित्ते! गाडीवर बसवून, डोळ्यावर पट्टी बांधून माळावर न्यायचे, काळविटाचा कळप दिसला की पट्टी काढून सोडायचे. आणि साठमारी? पिसाळलेल्या हत्तीला डिवचायचं, तो अंगावर आला की दगडी बुरुजाआड सटकायचं, आणि माणसं तिकडं बघायला जमायची. आता कुणी परवानगी देणार न्हाई, देऊ पण नये. पण ज्या गावच्या पणज्यानं चित्ता गाडीवरनं जाताना बघितला, ते गाव तुमच्या बाळूला बघून नाक मुरडणार व्हय?

ब्रूनो तर ब्रूनो. रागावू नका.

हत्तीवरनं आठवलं. तुम्ही पुण्यात होतासा तेव्हा, जुलैच्या अखेरीला, नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण वनतारा प्राणी-केंद्रात नेली. कोर्टाचा आदेश होता. टीव्हीवर बघितलासा ते काहीच न्हाई. हत्तीण निघाली तेव्हा गावच्या गाव रस्त्यावर रडत उभं. मग ऑगस्टमध्ये नांदणीपासनं कोल्हापूरपर्यंत चालत मोर्चा, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, बाया, म्हातारी माणसं, सगळी. आमची ही पण शेवटचे दोन किलोमीटर चालून आली. मी आपला हिला एवढंच इचारलं, की तिच्या पायाला इजा होती, संधिवात होता म्हणतात, त्याचं काय? मिरवणुकीत आपण नमस्कार करतोय, सोंडेत नाणं देतोय, खाली तिची नखं कुणी वाकून बघितली? झालं, दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद. मी वाईट म्हणत न्हाई कुणाला. माया खोटी न्हवतीच. पण मायेला डॉक्टरची जोड पाहिजे, आणि डॉक्टर पाहिजे तर तो गावातच आणायला काय झालंतं? त्यावर अजून वाद हाय. तालमीच्या कट्ट्यावर तो इषय काढू नका, चहा गार होतोय.

दूध कुठलं घेतलासा सकाळी? पिशवीचं? अरेरे. चार महिन्यांत पार पुणेरी झालासा. चला उद्या गंगावेशीत कट्ट्यावर. तुमच्या ब्रूनोला पण घेऊ. म्हस समोर, तांब्या समोर, धार काढली की फेसासकट तोंडाला. ह्या पंढरपुरी म्हशीचं तेच कौतुक हाय बघा, गर्दीत, रस्त्यात, कुठं पण उभी करा, पान्हा सोडती. दुसरी जनावरं गोठा बदलला तरी दूध चोरतात. पैलवानांना ताजं दूध पाहिजे म्हणून गवळ्यांनी तालमीच्या दारात नेऊन पिळायला सुरू केलं, असं जुनी माणसं सांगतात. आता पैलवान कमी आणि मॉर्निंग वॉकवाले जास्त. चालून जेवढं घटवतात, तेवढं कट्ट्यावर भरून घेतात.

पुण्यात करमलं का पण? सोसायटीतल्या म्हाताऱ्यांच्यात बसत होतासा न्हवं? काय म्हणालीत, प्रभात फिल्म कंपनी पुण्याची? आणि तुम्ही ऐकून घेतलंसा? आण्णा! 1929 ला कंपनी काढली ती हितं. 1932 चा 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट, तो हितं झाला. 1933 ला बिऱ्हाड पुण्याला गेलं, ते मोठं झाल्यावर. त्याच्या आधी बाबूराव पेंटरांनी कॅमेरा हितं बनवला, विकत न्हाई आणला, बनवला! हे सांगायचं सोडून तुम्ही काय केलासा? चहा पिऊन आलासा. पुढल्या वेळी मला घेऊन जावा. भांडत न्हाई, नुसता इस्कटून सांगतो.

आता आपलं आपल्याला पण बोलायला तोंड न्हाई, ते एक हाय. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आपण दोघं उभे होतो की रस्त्याच्या कडेला. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. 1915 चं थिएटर, शाहू महाराजांनी बांधलेलं. तुम्ही काय बोलत न्हवतासा, म्हणून मी पण काय बोललो न्हाई. शेजारी एक नाटकात काम करणारं पोरगं उभं होतं, त्याच्या हातात उद्याच्या कार्यक्रमाची पत्रिका होती, तीच घडी करत होतं, उलगडत होतं. सोडा. परत उभं राहील तेव्हा पहिल्या प्रयोगाला तुमचं तिकीट मी काढणार, शब्द हाय.

पुराच्या पाण्याचं इचारू नका, यंदा आपल्या गल्लीपर्यंत आलं न्हाई. पण चार महिने तुम्ही रोज फोन करून आधी "बंधारा किती फूट?" इचारायचासा, मग "बरं हाईसा का?" आमची ही म्हणायची, आण्णांना माणसांपेक्षा राजाराम बंधाऱ्याची काळजी जास्त. मी म्हटलं, एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका, हे ज्याला पाठ न्हाई तो कोल्हापूरकरच न्हवे. 2019 ला चिखलीतली माणसं म्हशी सोडून नावेत बसायला तयार न्हवती, आठवतंय न्हवं? तुमचं पण आता तसंच व्हायचं बघा. ह्या ब्रूनोला नावेत बसवायचं म्हंजे दुसऱ्या कुणाला तरी उतरवायला लागंल.

बरं, कामाचं राहिलंच. फुटबॉलचा सीझन सुरू व्हायचाय. तुम्ही खंडोबावाले, आम्ही पाटाकडीलवाले, गेल्या वर्षीची उधारी बाकी हाय तुमच्याकडं, मिसळीची. शाहू स्टेडियमात एकत्र जाऊ, वेगळ्या बाजूला बसू, येताना एकमेकांशी न बोलता येऊ, आपलं ठरल्याप्रमाणं. पुढं वर्ल्ड कप पण हाय. 2022 ला मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआउट चौकाचौकांत लागलेले, तुमच्या दारासमोर ब्राझीलवाल्यांनी पताका लावल्या तर वहिनी म्हणाल्या, ही कुठल्या पक्षाची? आता तालमीची पोरं तुमच्या कुत्र्याला बघतात का न्हाई बघा, अर्जेंटिनाचा शर्ट घालून फोटो काढणारच. आधीच सांगा, मुंडी अडकंल असला शर्ट शिवू नका म्हणावं.

फटाक्याला भितंय म्हणतासा? मग मॅचच्या दिवशी घरात एकटं ठेवू नका. जिंकलं तरी फटाके, हरलं तरी दुसऱ्या गल्लीचे फटाके. आमची ही मॅचला येत न्हाई, तिच्यापाशी ठेवू. तिला जनावराचं लई हाय, तोंडानं बोलत न्हाई एवढंच. मगाशी तुम्ही आत गेलासा तेव्हा भिंतीवरनं हात घालून त्याच्या डोक्यावरनं फिरवत होती. मी बघितलं तर म्हटली, "धूळ लागलीय का बघत होतो."

अहो, ते बघा, ते बघा! कुठं निघालं? गेट उघडं राहिलं काय तुमचं? आण्णा, चप्पल राहू दे, पळा! कोपऱ्यावर गवळ्याची म्हस बांधलीय आणि हे शेपूट हलवत तिच्या वैरणीत तोंड घालायला चाललंय! ब्रूनो! ए ब्रूनो! ऐकत न्हाई.

बाळू! ए बाळ्या!

वळलं की, आण्णा.