जनाबाईचे प्रकरण : एक विशेष बाब

परमेश्वराचे प्रेम सर्वांना सारखेच लाभते असे कीर्तनात सांगितले जाते, आणि कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घेण्यासाठी पुढे कोणी व्हावे यावरून मंडपातच वाद जुंपतो. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, असे आमच्या परभणी शहरात आजवर कोणी बोलून दाखविल्याचे ऐकिवात नाही.

ती विसंगती नाहीशी करण्याचे कार्य आमचे शेजारी आबा यांनी हाती घेतले आहे. महसूल खात्यात पेशकारी करून ते निवृत्त झाले. अर्जदाराच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या कागदांकडे पाहण्याची सवय मात्र निवृत्त झाली नाही. ईश्वरी कृपा हे मूलतः अनुदान आहे, अनुदान म्हटले की लाभार्थी आला, लाभार्थी म्हटला की पात्रता आली, आणि पात्रता म्हटली की ती तपासणारा कोणीतरी आलाच, अशी त्यांची विचारसरणी असून तिच्यात शोधूनही छिद्र सापडत नाही. त्यांनी सिद्ध केलेल्या मसुद्यानुसार अर्जदार सूर्योदयापूर्वी स्नान करणारा असावा, त्याच्या घरी सुतक अथवा विटाळ चालू नसावा, एकादशीस त्याने धान्य वर्ज्य केलेले असावे (साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी व रताळ्याचे काप यांनी पोट तुडुंब भरल्यास उपवासास बाध येत नाही, असा खुलासा समासात आहे), आणि बोललेला नवस फेडण्यात त्याने कसूर केलेली नसावी. थकबाकीदाराचा अर्ज दफ्तरी दाखल होईल.

या व्यवस्थेचा थोर गुण असा की, तिच्यात देव कधीच चुकत नाही. ऐन काढणीच्या तोंडावर पाऊस कोसळतो, सोयाबीनला शेंगेतच मोड फुटतात, कापसाची बोंडे झाडावर सडतात, पंचनाम्यास तलाठी येईतो वावरात चिखलाखेरीज काही उरत नाही. आणि तरीही बांधावर बसलेला शेतकरी ‘आमचंच काय तरी चुकलं असंल’ एवढेच म्हणतो. विठ्ठलाचे नाव घेतल्याखेरीज ज्याने कधी तिफणीला हात लावला नाही, तो गृहस्थ मागच्या आषाढीला आपला उपवास मोडला होता काय, अशी बायकोजवळ चौकशी करतो. विमा कंपनी निदान भरपाई नाकारताना काहीतरी कारण देते. येथे कारणही अर्जदारानेच शोधून काढायचे आणि स्वतःविरुद्ध सिद्धही त्यानेच करायचे. याउलट ज्याच्या दारापुढे नवी मोटार उभी आहे, त्याच्या पुण्याईची रुजवात करण्यास कोणी जात नाही. मोटार हाच दाखला. तिच्या मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ अशी ठळक अक्षरे असतात. ज्या पतपेढीच्या कर्जावर ती घेतली तिचे नाव मात्र कोणी रंगवून घेत नाही, हा त्या संस्थेवर उघड अन्याय होय.

माणसांचीच कागदपत्रे तपासून थांबावे, इतका आळशीपणा आपल्या अंगी नाही. शिर्डीच्या साईबाबांनी आपले गाव, कूळ आणि धर्म यांचा उभ्या हयातीत कोणाला नीटसा थांगपत्ता लागू दिला नाही; जो समोर आला त्याला उदी दिली आणि 1918 च्या विजयादशमीला देह ठेवला. जो पुरुष कोणाला जात विचारत नव्हता त्याचा जन्मदाखला शोधण्याची जबाबदारी अर्थातच मागे राहिलेल्यांवर येऊन पडली. आमच्या जिल्ह्यातील पाथरी हे त्यांचे जन्मस्थान, असा पाथरीकरांचा दावा जुना आहे. जानेवारी 2020 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपयांची घोषणा करताच शिर्डीकरांनी 19 तारखेला बंद पुकारला. दुकाने बंद होती, मंदिर तेवढे उघडे होते. पाथरीकरांच्या बाजूने जन्मस्थानाचा अभिमान होता, शिर्डीकरांच्या बाजूने कर्मभूमीचा. बाबांच्या बाजूने कोणी बोलल्याचे स्मरत नाही, आणि त्यांनी स्वतः तरी या बाबतीत काय निराळे केले होते! औंढ्याचा नागनाथ निदान या कटकटीतून सहज सुटला. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि एक सबंध ज्योतिर्लिंग आमच्या खात्यातून त्यांच्या खात्यावर जमा झाले. फेरफाराला हरकत कोणी घेतली नाही.

पंढरपुरात तर ही छाननी फार पूर्वीपासून अंगी मुरलेली. तेथे एका काळी पात्रता जन्मावरूनच ठरे आणि ज्यांचा जन्म गैरसोयीचा होता त्यांना चोखोबाच्या समाधीपाशीच, महाद्वाराबाहेर, थांबावे लागे. तो दंडक मोडण्यासाठी साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. ज्या भक्तासाठी विठ्ठल अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे असे आपण मानतो, त्या भक्ताला आत जाण्यासाठी एका ब्रह्मचारी मास्तराने उपाशी राहावे, यात कोणाचे तप अधिक, हे ज्याचे त्याने ठरवावे. आता सर्वांना मुक्तद्वार आहे. फक्त आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्र्यांची शासकीय महापूजा आटोपावी लागते. त्या पूजेस दर्शनाच्या रांगेतील एका दांपत्याला मानाचे वारकरी म्हणून सोबत घेतात आणि एस.टी. महामंडळाचा वर्षभराचा मोफत पासही देतात. ईश्वरी कृपेचा लेखी पुरावा, मुदतीसह, एवढ्या स्पष्टपणे अन्यत्र कोठे मिळत असेलसे वाटत नाही.

हा सर्व मसुदा आबांनी आमच्यापुढे वाचला तेव्हा, त्याची परीक्षा एखाद्या जुन्या प्रकरणावर करून पाहावी, असे आम्ही नम्रपणे सुचविले. प्रकरण आपल्याच जिल्ह्यातले असावे म्हणून गंगाखेडच्या जनाबाईचे काढले. गंगाखेडला गोदाकाठी तिचे मंदिर आहे, शेगावच्या गजानन महाराजांची पालखी त्याच गावावरून पंढरीला जाते. तेव्हा अर्जदार अनोळखी आहे अशी सबब आबांना सांगता येईना. त्यांनी चष्मा पुसला आणि रकाने भरण्यास प्रारंभ केला.

व्यवसाय : दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवाच्या, घरची दासी. स्थावर : निरंक. सूर्योदयापूर्वी स्नान : करीत असेल, पण त्या वेळी ती जात्यावर बसलेली असल्याने खात्रीलायक पुरावा नाही. नामस्मरण : होते, परंतु दळताना, कांडताना, शेण गोळा करताना आणि धुणे धुताना, म्हणजे एकाही वेळी सोवळ्यात नाही. आबांनी लेखणी थांबवली. "आणि राव, हिची अशीही एक कैफियत आहे की देव येऊन तिच्याबरोबर दळू लागतो, तिची वेणीफणी करतो, डोक्यातल्या उवा काढतो. हे अर्जात कोणत्या कलमाखाली घ्यायचे?" आम्ही म्हणालो, आबा, गोपाळपुरात तिचे जाते अजून दाखवतात, यात्रेकरू त्याचा खुंटा धरून फिरवूनही पाहतात. त्यावर ते म्हणाले की, जाते हा मुद्देमाल झाला, पुरावा नव्हे.

पुढे तर अधिकच अडचण निघाली. देवळाच्या बाजूने जनीविषयी काही नोंद असलीच, तर आख्यायिकेप्रमाणे ती चोर म्हणूनच असणार. रात्री तिच्या झोपडीत आलेला देव पहाटे काकड्याची वेळ झाली म्हणून घाईने निघाला, जाताना आपले पदक विसरला आणि तिची वाकळ पांघरून गेला. पुजाऱ्यांनी गाभारा उघडला तो रत्नजडित पदक गायब आणि देवाच्या अंगावर ठिगळांचे पांघरूण! झडती झाली, पदक जनीच्या घरी सापडले आणि तिला सुळावर देण्याचा हुकूम निघाला. ज्यांनी उभा जन्म त्या मूर्तीला स्नान घातले, नैवेद्य दाखवला, शेजारती केली, त्यांना देव रात्री कोठे जातो याचा पत्ता नव्हता, आणि जिला होता ती आरोपी. सुळाचे पाणी झाले म्हणून ती वाचली, असे कथा सांगते. पण निर्दोष ठरवल्याचा हुकूम दिसत नाही, यावर आबांनी बोट ठेवले.

बराच विचार करून त्यांनी शेरा मारला तो असा : ‘अर्जदार निकषांत बसत नाही. तथापि साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावे प्रचलित असल्याने विशेष बाब म्हणून विचार व्हावा. मात्र हा पायंडा समजू नये.’ येथे प्रकरण मिटले असे आम्हांस वाटले होते. पण दोन दिवसांनी ते फाइल घेऊन पुन्हा आले. त्यांचे म्हणणे असे की, सूक्ष्म अवलोकन करता या प्रकरणात मुख्य दोष जनीकडे येतच नाही. गाभाऱ्यासारखे नेमून दिलेले मुख्यालय रात्री-बेरात्री सोडून, पूर्वपरवानगी न घेता, अपात्र व्यक्तीच्या घरी जाऊन, दळणासारखे पदास न शोभणारे काम खुद्द विठ्ठलाने केले आहे आणि देवस्थानच्या मालकीचा दागिनाही निष्काळजीपणे हाताळला आहे. तेव्हा खुलासा मागवायचा तो त्याच्याकडून. नोटिशीचा मसुदा तयार आहे. नोटीस बजावणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, हा रकाना आबांनी तूर्त स्वतःच्या सहीपुरता मोकळा ठेवला आहे.