चढा पंचम

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, यावर आमच्याकडे जेवढा खल झाला तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. भाच्याचा कौल डेस्कटॉपला. त्याच पैशांत प्रोसेसर दमदार, रॅम हवी तेव्हा वाढवता येते. "मामा, लॅपटॉप तापला की आपोआप मंदावतो." माझंही दुपारी जेवल्यावर तेच होतं, त्यामुळे मला लॅपटॉपबद्दल आपुलकीच वाटली.

"ठेवणार कुठे?" हिने विचारलं. दोन खोल्यांत या प्रश्नापुढे प्रोसेसर काय टिकणार?

लॅपटॉप आला. कीबोर्डवर पेटीचा आवाज लावला, तर सूर अंमळ उशिरा. बफर ५१२ सॅम्पलवर होता. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर उशीर जेमतेम १२ मिलिसेकंदांचा. पण तेवढ्यात आवाज हवेतून चार मीटर जातो. म्हणजे पट्ट्या बोटांखाली आणि पेटी शेजाऱ्यांकडे. बफर १२८ वर आणला, तर सूर वेळेवर आला. मात्र सोबत मोहरीची फोडणीही तडतडू लागली. २५६ वर तह झाला.

मग ती गुणगुण. चार्जर लावला की स्पीकरमधून संथ 'हूंऽऽ'. आपली वीज ५० हर्ट्झची आणि पांढरी पाचचा अगदी खालचा सूर ४९चा. माझी पट्टी पांढरी एक. म्हणजे भिंतीतला प्लग मला किंचित चढा पंचम देत होता! तानपुरेवाला असता तर खुंटी पिळायला सांगितलं असतं. इथे चार्जर काढला, गुणगुण थांबली. डेस्कटॉपला हा उतारा नाही. त्याचा प्लग काढला की गाणंही जातं.

शिवाय लॅपटॉप काखोटीला मारून आत नेता येतो. हॉलमध्ये कुकर आहे. आतल्या खोलीत गाद्यागोधड्यांची चळत आहे, आणि गोधडीसारखा आवाज पिणारा पदार्थ मी दुसरा पाहिलेला नाही. लॅपटॉपचा पंखा मात्र नेमका आलापात घुमू लागतो. म्हणून माइकची पाठ त्याच्याकडे आणि तोंड माझ्याकडे.

चार्जरविना बॅटरी दोनेक तास पुरते. पहाटे चारला बसतो. पावणेसहाला सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो.