चालू खातं

प्रत्येक अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एक गाडी अशी असते, की तिच्यावरून हात फिरवला तर हाताला धूळ लागत नाही, आपल्या हाताचीच तिला लागते. सीटवरचं शोरूममधलं प्लॅस्टिक अजून निघालेलं नसतं. मागच्या काचेत टिश्यूपेपरचा डबा असतो, त्यातला पहिला टिश्यू अजून बाहेर यायचा असतो. मालक बहुधा निवृत्त असतो, आणि त्याच्याबद्दल सगळे आदरानं एकच वाक्य बोलतात, ‘‘गाडी जपावी तर त्यांनी.’’

राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये हे मानाचं पद नानांकडे आहे. नाना बँकेत होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे पैसे मोजले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या पैशांची गाडी घेतली. गाडीला नऊ वर्षं झाली. किलोमीटरचा आकडा आहे सहा हजार आठशे. हा आकडा नाना रक्तातल्या साखरेसारखा सांगतात. कमी आहे म्हणून अभिमानानं.

पण गाडी उभी असते असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. दिवसातून पाच वेळा ती बाहेर पडते. पहाटे सहाला दुधाला. अंतर अडीचशे मीटर. साडेसातला पेपरला. हा स्टॉल दुधाच्या दुकानाच्या अलीकडे. ‘‘नाना, एकाच फेरीत दोन्ही का आणत नाही?’’ असं मी एकदा विचारलं होतं. ‘‘दूध ताबडतोब तापवावं लागतं,’’ नाना म्हणाले, आणि मी अजून त्या उत्तरातली खोच शोधतोय. नऊला देऊळ, अकराला भाजी, संध्याकाळी चौकातल्या मित्राकडे. कव्हर काढायला सात मिनिटं, त्याची घडी घालायला चार, आणि प्रवासाला दोन. त्या दोन मिनिटांत एसी लागतो, कारण गाडी तापलेली असते. भक्तिगीतं लागतात, कारण सकाळ असते. दिवे लागतात, कारण उजाडलेलं नसतं. फाटकाशी कुणी नसलं तरी दोनदा हॉर्न वाजतो, कारण फाटकाशी कुणी असू शकतं.

चालत का जात नाहीत? गाडी दारात असताना चालत जायचं म्हणजे घेतली कशाला? मग लांब का नेत नाहीत? लांब नेली की झिजते. या दोन तत्त्वांच्या मधोमध जेवढा रस्ता उरतो, तेवढ्यावर नाना गाडी चालवतात.

नानींनी गाडीच्या पूजेच्या दिवशीच विचारलं होतं, ‘‘पन्हाळ्याला जाऊया का एकदा?’’ पन्हाळा इथून बावीस-तेवीस किलोमीटर. नाना म्हणाले होते, ‘‘पन्हाळा कुठं पळून चाललाय?’’ पन्हाळा खरंच कुठं गेला नाही. नऊ वर्षं तो तिथंच होता, आणि गाडी इथं.

गेल्या श्रावणात एका पहाटे पार्किंगमधून ‘टक्-टक्-टक्-टक्’ असा आवाज आला. पाल चुकचुकावी तसा. मग शांतता. मग परत टक्-टक्. मी खाली गेलो तेव्हा नाना स्टिअरिंगला धरून बसले होते. ‘‘सेल्फ घेत नाहीये,’’ ते म्हणाले. पेशंट अन्न घेत नाहीये, असं सांगणाऱ्या नातेवाइकाचा तो आवाज होता.

आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीपाशी बॉनेट उघडलं की माणसं जमतात आणि जमलेला प्रत्येकजण मेकॅनिक असतो. पहिला म्हणाला, ‘‘पेट्रोल आहे का बघा.’’ दुसऱ्याच्या मते उंदरानं वायर कुरतडली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टर्मिनलवरची पांढरी बुरशी बघून, गरम पाणी ओतायला सांगितलं आणि ते आणायला घरी गेले ते परत आलेच नाहीत. शेवटी ठरलं, की धक्का मारायचा.

आम्ही चौघं मागे लागलो. नानांनी आतून सूचना दिली, ‘‘हात काचेला लावू नका, ठसे उमटतात.’’ गाडी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली तेव्हा कळलं, की चावी ऑन केलेलीच नाही. ‘‘बॅटरी वाचावी म्हणून,’’ नाना म्हणाले. दुसऱ्या खेपेला चावी ऑन, गिअर दुसरा, वेग आल्यावर क्लच सोडला आणि गाडी एक आचका देऊन सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. नानांनी हात हलवला आणि तसेच पुढं गेले. पाच मिनिटांनी नानींना फोन आला. नाना दुधाच्या दुकानापाशी होते. दूध घ्यायला उतरताना त्यांनी, पेट्रोल जळू नये म्हणून, इंजिन बंद केलं होतं.

आम्ही चौघं परत निघालो. या वेळी चालत.

अशा वेळी जुनी माणसं म्हणतात, की पूर्वीचंच बरं होतं, फियाटला हँडल मारलं की काम झालं. पण पूर्वी हँडल उलटं फिरून मनगटंही मोडायची. १९१२ सालच्या कॅडिलॅकवर पहिल्यांदा विजेचा सेल्फ आला आणि माणसाचे हात मोकळे झाले. त्या हातांचं काम शिसं आणि आम्लाच्या डब्यानं उचललं. हा डबा त्याहून जुना. १८५९ साली प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं तो केला. तेव्हा मोटारच नव्हती, त्यामुळे ती दुधाला नेता येईल ही कल्पना त्याला असणं शक्य नव्हतं.

दहा वाजता उद्यमनगरातला बॅटरीवाला आला. कोल्हापुरात लोखंडाला ज्याची गरज लागेल तो माणूस उद्यमनगरात मिळतो. त्यानं मीटर लावला. ‘‘रातभर हुभ्या गाडीची भरल्याली बॅटरी बारा पॉइंट सहा दावती. तुमची अकरा पॉइंट आठ हाय. नाना, गाडी चालीवतासा किती?’’

‘‘रोज पाच वेळा,’’ नाना ताठ होऊन म्हणाले.

‘‘येळा न्हाई इचारल्या. मिनटं किती?’’

दोन-दोन मिनिटांचा हिशेब ऐकून तो खाली बसला. नाना बँकेतले आहेत हे त्याला माहीत होतं, कारण एकदा त्याचा चेक नानांनी परत केला होता. तो म्हणाला, ‘‘हे बगा, बॅटरी म्हंजे तुमचं चालू खातं. सेल्फ मारला की शंभर-दीडशे अँपिअरचा चेक फाटतो. सेकंदभराचाच, पण चेक त्यो चेक. मग इंजिन फिरलं की अल्टरनेटर भरणा करतो. पण भरणा काय चेकच्या इतका झटक्यात हुतोय व्हय? तुमी काउंटरवर स्लिप देईपर्यंत गाडी बंद करतासा. त्यात एसी, दिवं, गाणी. समदी त्या भरण्यातनंच खात्यात. मंद इंजिनावर भरणा आनी कमी.’’

‘‘पण रात्री तर सगळं बंद असतं,’’ नाना म्हणाले.

‘‘घड्याळ बंद असतंय? लॉक, अलार्म, कॉम्पुटर? तीस-चाळीस मिलीअँपिअर ओढत्यात गुपचूप. दिवसाला अँपिअर-तासभर जातंय तुमच्या पस्तिसातलं. तुमच्या बँकंचा सर्व्हिस चार्ज असतोय न्हवं, सांगत न्हाईत पर कापत्यात?’’

नाना कधी नव्हे ते गप्प होते.

‘‘आनी खातं असं अर्धं रिकामं ठेवलं की आत पत्र्यांवर सल्फेट धरतंय. लवकर भरलं तर इरघळतंय. महिनंमहिनं पडलं तर दगूड. मग कितीबी चार्ज करा, घेत न्हाई.’’

‘‘एनपीए,’’ नाना हळूच म्हणाले.

‘‘व्हय. नव्वद दिवस झाल्यालं.’’

त्यानं बॅटरी दुकानात नेऊन चार्ज करून आणली आणि गाडी रोज जरा चालवायला सांगितली. नानांनी यातला ‘जरा’ तेवढा ऐकला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उपाय सुरू केला. सकाळ-संध्याकाळ पार्किंगमध्येच गाडी सुरू करायची, दोन मिनिटं घुरघुरू द्यायची, बंद करायची. पाच चेकचे सात झाले. तळमजल्यावरच्या बाळंतिणीच्या खोलीत धूर जाऊ लागला, तो वेगळाच. पंधरा दिवसांत परत टक्-टक्.

‘‘नाना,’’ बॅटरीवाला म्हणाला, ‘‘पासबुक उघडून बघितल्यानं शिल्लक वाढती व्हय? वर बघायचा चार्ज कापला तुमी.’’

जुनी बॅटरी आता दगड झाली होती. नवी आली पाच हजारांना. ती बसवताना नानी दोनदा चहा घेऊन खाली आल्या. एरवी त्या मेकॅनिकला पाणीही वरूनच दोरीनं सोडतात. बॅटरीवाल्यानं नट आवळले आणि अट सांगितली, ‘‘आठवड्यातनं एकदा सलग चाळीस मिनटं जायाचं, चाळीस मिनटं यायाचं. मधी घाट आसंल तर बेस. इंजिन जोरात फिरतंय.’’

‘‘असं कुठलं गाव आहे?’’ नानांनी विचारलं.

बॅटरीवाल्यानं आभाळाकडं बघितल्यासारखं केलं. ‘‘पन्हाळा बरुबर बसतंय बगा.’’

त्या रविवारी कव्हर निघालं ते परत लगेच चढलं नाही. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ करत गाडी वर गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला चौथा गिअर पडला. नानांनी तीन दरवाजापाशीही इंजिन चालू ठेवायचा हट्ट धरला होता. नानींनी चावी काढून पर्समध्ये टाकली. झुणका-भाकर खाऊन ते अंधार पडताना परत आले. तेव्हापासून एकही रविवार चुकलेला नाही. बॅटरी ठणठणीत आहे. गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक नानींनी एका वळणावर, चिकटतं म्हणून, फाडून टाकलं.

दसऱ्याच्या सुमारास नानांनी मला कागद दाखवला. हिशेब त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात होता. जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटर, तीन लिटर पेट्रोल, तीनशे रुपये. बावन्न रविवार, पंधरा हजार सहाशे. झुणका-भाकर वेगळी. ‘‘म्हणजे पाच हजारांची बॅटरी वाचवायला मी वर्षाला पंधरा हजार घालतोय,’’ ते म्हणाले.

‘‘मग बंद करा.’’

‘‘बंद कसं करणार?’’ नाना चिडून म्हणाले. ‘‘मेकॅनिकनं सांगितलंय.’’ आणि कागदाची घडी घालून त्यांनी ती गाडीच्या कप्प्यात ठेवली. तिथं आता टोपी, गॉगल आणि दुर्बीणही असते.

दिवाळीत नानींनी आम्हाला फराळ दिला. चार करंज्या, दोन लाडू. उद्यमनगरला मात्र डबा गेला, वर चकल्यांची पिशवी वेगळी. पाडव्यानंतर माझ्या स्कूटरची बॅटरी बघायला मी त्या दुकानात गेलो, तेव्हा त्याला विचारलं, ‘‘खरंच जाऊन-येऊन ऐंशी मिनिटं लागतात का हो?’’

‘‘छ्या. आठवड्यातनं अर्धा तास हायवेला फिरीवली तरी भागतंय.’’

‘‘मग पन्हाळा?’’

त्यानं हात पुसले, पिशवीतली एक चकली माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, ‘‘त्ये पहिल्या चहालाच ठरलं हुतं.’’