स्थळ: पार्किंग, वेळ: सायंकाळी सात

नागपूरच्या महालात, बडकस चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका फ्लॅट स्कीमच्या लिफ्टशेजारी सूचना लागली आहे. 'रविवार दि. २५ जानेवारी २०२६ रोजी रथसप्तमीनिमित्त सामूहिक सूर्यपूजन व दूध उतू घालण्याचा कार्यक्रम. स्थळ: तळमजला पार्किंग. वेळ: सायं. ७. सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे.'

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. ज्याची पूजा आहे तो सहाच्या सुमारास निघून गेलेला असणार. सभासदांनी मात्र वेळेवर यायचं.

सातच का, असं सचिवांना विचारलं. "अहो, रविवार आहे. सकाळी कोण उठते?" उत्तर बिनतोड आहे. माघ शुद्ध सप्तमी आणि त्यात रविवार, म्हणजे भानुसप्तमीचा योग. असा योग आला म्हणूनच सूर्याला सकाळची वेळ देता येत नाही. मंगळवारी आली असती तर ऑफिस आडवं आलं असतं. दुपारी जेवणं आणि नंतर झोप. चारला हळदीकुंकू, कारण संक्रांतीपासून रेटत आणलेली सगळी हळदीकुंकवं रथसप्तमीला संपवायची असतात आणि उरलेल्या प्लास्टिकच्या गाळण्या कुणाच्या तरी हाती वाण म्हणून गेल्याच पाहिजेत. पाचला दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाचं बोरन्हाण. उरले सात. शिवाय दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी असल्यामुळे खुर्च्या आणि माईक एकाच भाड्यात बसतो. मागचा कापडी पडदासुद्धा दोघांत एकच आहे. एका बाजूला सात घोडे, दुसऱ्या बाजूला तिरंगा. रात्री नऊनंतर तो उलटा टांगायचा.

त्या घोड्यांचा सारथी अरुण. त्याला मांड्या नाहीत, असं पुराणं सांगतात. तरी तो आजवर एक दिवस उशिरा आलेला नाही. इथं घरटी दोन दुचाक्या आहेत.

एका म्हाताऱ्या सभासदानं दबक्या आवाजात शंका काढली, की अंधारात सूर्यपूजा शास्त्राला धरून होईल काय? अध्यक्षांनी लगेच छठपूजा काढली. "ते नाही का मावळत्या सूर्याला अर्घ्य देऊन राहिले?" देतात ना. अध्यक्षांनी कार्तिकात एकदा अंबाझरीवर जाऊन बघावं. छत्तीस तासांचं निर्जळी व्रत धरलेल्या बाया गार पाण्यात उभ्या असतात, हातात सूप, सुपात ठेकुआ आणि केळी, शेजारी ऊस. समोर मावळता का होईना, पण सूर्य असतो. तो बुडाला म्हणून व्रत संपत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच बाया पुन्हा काठावर हजर असतात आणि तो उगवेपर्यंत हलत नाहीत. एवढ्या सगळ्यातून आमच्या अध्यक्षांनी उचललं काय, तर संध्याकाळ.

खजिनदारांचा युक्तिवाद आणखी वरचा. ते म्हणतात, पार्किंगमधला मोठा एलईडी गच्चीवरच्या सोलर पॅनलवर चालतो, म्हणजे तो उजेड मुळात सूर्याचाच. त्याच्याकडे तोंड करून अर्घ्य दिलं तर बिघडलं कुठं? सोलर पॅनल संध्याकाळी सातला झोपलेलं असतं, तुमच्याकडे बॅटरी नाही, तेव्हा त्या दिव्यात जळतो तो बहुतेक कोराडीकडचा कोळसा, असं त्यांना सांगून पाहिलं. ते क्षणभरही अडखळले नाहीत. "कोळसा म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊनच ना!" अशा माणसाच्या हाती सोसायटीचा हिशेब सुरक्षित आहे.

पण खरा तमाशा आहे तो दुधाचा.

रथसप्तमीचं दूध म्हणजे मुळात पाच-दहा मिनिटांचं काम. अंगणात तुळशीपुढं रांगोळीनं सूर्याचा रथ काढायचा, चार गोवऱ्या पेटवायच्या, मातीच्या बोळक्यात दूध ठेवायचं आणि ते सूर्यासमोर उतू जाऊ द्यायचं. वर्षभर जी बाई दूध उतू गेलं म्हणून सुनेला बोल लावते, तीच त्या दिवशी ते उतू जाण्याची वाट बघत बसते. पूर्वेला ओघळलं की सगळ्याजणी खूश. एवढ्या कामासाठी कमिटीच्या बैठकांवर बैठका झाल्या. पहिला प्रश्न गोवऱ्यांचा. धुरानं गाड्यांची कव्हरं काळी होतील म्हणून गोवऱ्या बाद. त्याऐवजी इंडक्शन. इंडक्शनवर मातीचं बोळकं तापत नाही, हा शोध बोळकी आणून झाल्यावर लागला. तेव्हा दूध स्टीलच्या पातेल्यात तापेल आणि बोळकं शेजारी हळदकुंकू लावून प्रेक्षक म्हणून बसेल. इंडक्शन तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. त्यांची अट अशी, की काचेवर दुधाचा एक थेंबही पडता कामा नये. मागच्या वेळी चहा सांडला तर ते टूं टूं करून बंद पडलं आणि दुरुस्तीचे पैसे कोणी दिले नाहीत. म्हणजे दूध उतू जायला हवं, पण सांडायला नको. यावर पाऊण तास चर्चा. शेवटी पातेलं उचलून स्टीलच्या परातीत ठेवायचं आणि अगदी वर आलेलं दूध चमच्यानं परातीत 'उतू घालायचं' असं ठरलं. आता दिशा. पार्किंगची पूर्व बाजू म्हणजे नेमकी खजिनदारांची नवी गाडी. दुधाचा रोख गाडीकडे नको, असं त्यांनी लेखी कळवलं. मग पूर्व नक्की कुठं आहे हेच तपासू, म्हणून पोरांनी फोनमधलं होकायंत्र काढलं. वर सळयांचा स्लॅब, बाजूला लिफ्टची मोटार. चार फोनांनी चार पूर्वा दाखवल्या. मतदान झालं. बहुमतानं पूर्व लिफ्टच्या बाजूला सरकवण्यात आली आहे. परात त्या दिशेला किंचित कलती राहावी म्हणून तिच्याखाली वर्तमानपत्राची घडी ठेवायची आहे. कोणतं वर्तमानपत्र ते मी विचारलं नाही.

दूध पाव लिटर. अर्धा लिटरची पिशवी येईल, उरलेल्याचा कमिटीचा चहा.

हसून घ्या. मलाही हसूच आलं होतं, पूर्व सरकवली हे ऐकेपर्यंत. कारण ही पूर्व या लोकांना फुकट मिळालेली नाही. या स्कीमच्या जागी वाडा होता. वाड्याला चौक होता, चौकाला वर आभाळ होतं आणि दुपारी बारा वाजता ऊन खाली उतरायचं तेव्हा ते मालकाच्या फरशीवर आणि भाडेकरूच्या बाजेवर सारखंच पडायचं. वाडा पडला, छापील माहितीपत्रक निघालं, त्यावर दोन इमारतींच्या मधून उगवणारा सूर्य छापला आणि पूर्वाभिमुख फ्लॅटला चौरस फुटामागे जास्तीचा दर लावला. लोकांनी दिला. प्रॉव्हिडंट फंड मोडून दिला. आज त्या पूर्वेच्या खिडकीतून काय दिसतं? शेजारच्या स्कीमच्या न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा. हात लांबवला तर बंद करता येईल. पलीकडच्यांनी पश्चिमाभिमुख म्हणून थोडे कमी पैसे दिले असतील; अंधार दोघांना समसमान. नकाशात बाजूची मोकळी जागा असते हो. नकाशा मंजूर होईपर्यंत व्यवस्थित असते. मग तिथं जनरेटर येतो, गॅलऱ्या बंद होतात, लोखंडी जाळ्या बाहेर सरकतात, एक पत्र्याचं शेड 'तात्पुरतं' म्हणून उभं राहतं आणि त्याला रंग देण्याचा खर्च मेंटेनन्समध्ये लागतो. माणसाच्या घरात येणारं ऊन कोणी चोरलं तर त्याची तक्रार कुठल्या ठाण्यात लिहितात ते मला एकदा कोणी सांगावं. सायकल चोरीला गेली तर निदान कागद मिळतो. केळीबाग रोडच्या रुंदीकरणात घरं निम्मीअर्धी कापली गेली, तेव्हा कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा ऊन शिरलं. महालात सूर्य घरी यायचा तर आधी भिंत पाडावी लागते, असा हा मामला.

त्याच स्कीममध्ये दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. पूर्वी ओसरीवर ऊन खात गहू निवडायच्या. आता साडेअकराला लिफ्टनं खाली येतात. पार्किंगच्या उतारावर त्या वेळी सतरंजीएवढं ऊन पडतं. त्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून, पाय उन्हात आणि डोकं सावलीत अशा बसतात. कुणाची गाडी आत यायची असली की चौकीदार म्हणतो, "आजी, जरा सरका." आजी सरकतात. गाडी जाऊन परत खुर्ची लावेस्तोवर ऊनही सरकलेलं असतं. गेल्या महिन्यात कमिटीनं ठराव केला, की उतारावर खुर्ची ठेवू नये, वाहतुकीला अडथळा होतो. हीच कमिटी सूर्यपूजन करणार आहे. माईक लावून!

आणि हे कुठं चाललंय? नागपुरात. जिथं २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. जिथं २०२४च्या मे अखेरीस एका यंत्रानं ५६ अंश दाखवले आणि नंतर त्यातला सेन्सर बिघडल्याचं जाहीर झालं. तोवर निम्म्या शहरानं त्या ५६चा फोटो नातेवाइकांना पाठवून आपल्या सहनशक्तीची वाहवा मिळवली होती. खोटा आकडा गेला याचं दुःख अजून काही जणांना आहे. त्या शहरात, त्या स्कीममध्ये, रक्त तपासलं की घरोघरी 'ड' जीवनसत्त्व कमी. मार्चपासून तोंडाला दुपट्टा, खिडकीला काळी फिल्म, दाराला वाळ्याच्या ताट्या, नवतपात तर सूर्याचं नाव काढायची सोय नाही. आणि थंडीत ज्या दोन महिन्यांत त्याच्याजवळ बसावं, तेव्हा तो पलीकडच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे. मग डॉक्टर पुडी लिहून देतात. साठ हजार युनिट, आठवड्यातून एकदा, दुधातून. वार लक्षात राहावा म्हणून बहुतेक घरांत रविवार ठरलेला आहे. तेव्हा येत्या पंचवीसला सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास या इमारतीच्या घराघरांत पेलाभर दुधात सूर्य ढवळला जाईल, डोळे मिटून प्यायला जाईल आणि वर चमचाभर साखर तोंडात टाकली जाईल. रथसप्तमी खरं म्हणजे तेव्हाच साजरी होईल. पुडीत सोयीचं एकच आहे: तिला पूर्व लागत नाही.

राहता राहिली गच्ची. तुमच्याही मनात आलंच असेल, की वर एवढी थोरली गच्ची असताना खाली पार्किंगमध्ये कशाला? गच्चीला कुलूप आहे. संक्रांतीला पोरांनी वर भोंगे लावले, 'ओ काट' करत टाकीचं झाकण फोडलं, पॅनलवर मांजा गुंतवला. तेव्हापासून किल्ली सचिवांकडे. हवी असेल त्यानं छापील अर्ज भरायचा. चौथ्या मजल्यावरच्या एका सभासदानं तो भरला. नाव, फ्लॅट क्रमांक, किती माणसं, किती वेळ, सगळं व्यवस्थित. 'कारण' या रकान्यात त्यानं लिहिलं, 'ऊन'.

सचिवांनी अर्ज परत पाठवला. वर शेरा आहे, 'कारण सबळ नाही. मे महिन्यात पुन्हा अर्ज करावा.'