फुकट्याचे अर्थशास्त्र

कोणताही खेळ फुकट खेळणारा मनुष्य, तो खेळ बनवणाऱ्या कंपनीला आपण गंडवत आहोत, अशा सुखद समजुतीत वावरत असतो. आणि या समजुतीला रोख मोल आहे, हा शोध फेसबुकवरील खेळांच्या पहिल्या लाटेत, म्हणजे ढोबळमानाने २००७ ते २०११ या काळात, कॅलिफोर्नियात लागला. प्रस्तुत लेखक त्या शोधाला लागलेल्या कच्च्या मालापैकी एक असल्याने त्याच्या विवेचनात थोडा जिव्हाळा डोकावणे अपरिहार्य आहे. तथापि ज्याने या खेळांवर कधी एक पैसाही खर्च केला नाही त्याच्याइतका तटस्थ अभ्यासक शोधूनही सापडणार नाही, असे त्याचे मत आहे, आणि हे मत त्याने, कोणी विचारलेले नसतानाही, चारचौघांत अनेकदा मांडले आहे.

झिंगा या कंपनीने २००७ मध्ये फेसबुकवर पोकर आणले, मग ‘माफिया वॉर्स’ आणले आणि जून २००९ मध्ये ‘फार्मव्हिल’ आणले, ज्याच्या शेतांवर २०१० च्या सुमारास महिन्याकाठी आठ कोटींहून अधिक माणसे राबत होती. या खेळांत दोन प्रकारचे चलन असे. पहिले घाम गाळून, म्हणजे माऊस दाबून, मिळे; दुसरे, ज्याला फार्मव्हिलमध्ये ‘फार्म कॅश’ म्हणत, ते जवळजवळ डॉलर मोजूनच मिळे, आणि शेजाऱ्याला जळवण्याजोगी प्रत्येक वस्तू नेमकी या दुसऱ्या चलनातच विकली जाई. डॉलर मोजणारे खेळाडू शंभरात मोजकेच असत. त्यांतील सढळ हाताच्या मंडळींना या धंद्यात, जुगारी अड्ड्यांवरून उचललेल्या शब्दाने, ‘व्हेल’ म्हणतात. उरलेल्या अफाट गर्दीला असे कोणतेही रुबाबदार नाव नाही, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला खटकत आली आहे.

या निनावी गर्दीसाठी ‘ऑफर-वॉल’ उभी राहिली. ऑफर-वॉल म्हणजे खेळाच्या आतच उघडणारी जाहिरातींची एक लांबलचक यादी, जिच्यातील प्रत्येक ओळीपुढे अमुक करा म्हणजे तमुक नाणी मिळतील, असे आश्वासन लिहिलेले असे. नेटफ्लिक्सचे चाचणी सदस्यत्व घ्या, क्रेडिट कार्डाचा अर्ज भरा, एखादी प्रश्नावली सोडवा, संगणकात एखादा टूलबार बसवून घ्या, अशी ही कामे असत. काम पुरे झाले की जाहिरातदार मधल्या कंपनीला ठरलेली रक्कम देई, मधली कंपनी आपला वाटा ठेवून बाकी रक्कम खेळ बनवणाऱ्याला देई, आणि तो खेळाडूच्या खात्यात नाणी टाकी, जी तयार करायला त्याला काहीच खर्च येत नसे. जाहिरात नुसती दिसल्याबद्दल नव्हे, तर पाहणाऱ्याने ठरलेली कृती केल्याबद्दलच पैसे देण्याच्या या पद्धतीस ‘कॉस्ट पर अ‍ॅक्शन’ म्हणतात. अनु शुक्ला यांची ऑफरपाल मीडिया ही या मधल्या कंपन्यांपैकी अग्रगण्य, आणि ‘सुपर रिवॉर्ड्स’ ही तिची स्पर्धक. तत्त्वतः या व्यवहारात वावगे काही नाही: ज्याला नेटफ्लिक्स हवेच होते त्याने ते या वाटेने घेतले आणि वर एक गुलाबी ट्रॅक्टर मिळवला, तर नुकसान कोणाचेच होत नाही.

मात्र त्या यादीत सर्वांत ठळकपणे झळके ती बुद्ध्यांक मोजण्याची चाचणी. सोपे प्रश्न सोडवून झाले की निकाल कळवण्यासाठी मोबाइल क्रमांक मागितला जाई, त्या क्रमांकावर एक गुप्त आकडा येई, तो आकडा पडद्यावर भरला की निकाल आणि नाणी दोन्ही मिळत, आणि अतिबारीक अक्षरांत लिहिलेल्या अटीनुसार दरमहा ९.९९ डॉलरची एक सेवा त्या फोनच्या बिलावर सुरू होई. प्रस्तुत लेखकाने ही चाचणी कधीही दिली नाही, आणि या संयमाचे श्रेय तो आजवर आपल्या बुद्ध्यांकाला देत आला आहे. वस्तुतः ऑफर-वॉलवर काय झळकावे हे पाहणाऱ्याच्या देशावरून ठरत असे. अमेरिकेतील ग्राहकावर टपलेल्या जाहिरातदारांना पुण्यातील ग्राहकाचे फारसे अप्रूप नव्हते, त्यामुळे ती भिंत इकडून उघडल्यास बरीचशी रिकामीच दिसे. लेखकाची निःस्पृहता अशा रीतीने जाहिरातदारांच्या अनास्थेमुळे अबाधित राहिली.

येथे फार्मव्हिलमधील जमीनधारणेचा प्रश्न थोड्या विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. मूळ विषयाशी त्याचा संबंध पुढे येईलच, आणि न आल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून त्या दिवसापासून कुळे मालक मानली गेली. त्यानंतर महाराष्ट्रातील एका विशिष्ट मध्यमवर्गात ‘आमची जमीन कुळकायद्यात गेली’ हे वाक्य वडिलोपार्जित मालमत्ता म्हणून पुढच्या पिढ्यांकडे आले. प्रत्यक्ष जमिनीपेक्षा या वाक्याचा एक मोठा गुण असा की ते वाटण्या होऊनही घटत नाही. उलट आजोबांच्या तोंडी जी जमीन ओढ्याकाठची पडीक होती ती नातवाच्या तोंडी नदीपर्यंत पोचते आणि बारमाही होते. अशा घराण्यांतील नातवंडे शिकली, संगणकापुढे बसली, आणि २००९ मध्ये त्यांना फेसबुकवर शेत मिळाले. वाफा नांगरायला पंधरा नाणी लागत. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होई, सोयाबीन एका दिवसात, वांगी दोन दिवसांत आणि गहू तीन दिवसांत. महाबळेश्वरच्या शेतकऱ्याने ज्या पिकाकडे महिनोन्‌महिने डोळे लावावेत ते पीक हिंजवडीतील अभियंता सकाळच्या दोन मीटिंगांच्या मध्ये काढून मोकळा होई. गारपीट नव्हती, अडत्या नव्हता, तलाठी पंचनाम्याला यायचा राहिला नव्हता, आणि माल नेला तर भाव पडलेला नसे. धोका एकच होता: तयार पीक ठरलेल्या मुदतीत काढले नाही तर ते वाळून जाई. या एका धोक्यापायी, एरवी सकाळच्या दुधालाही न उठणारी माणसे पहाटेचे गजर लावून उठत आणि वांगी तोडून पुन्हा झोपत.

शेजारधर्माचीही सोय होती. दुसऱ्याच्या शेतावर जाऊन त्याच्या पिकाला खत घालता येई, आणि ज्या चुलतभावांचे खऱ्या बांधावरून बोलणे थांबले होते ते या खोट्या बांधावर एकमेकांच्या स्ट्रॉबेरीला निमूटपणे खत घालून जात. न्यू जर्सीची आत्या भाच्याच्या शेतावर गाय पाठवी. त्या दोघांत अन्य पत्रव्यवहार नसे, पण गाय पोचल्याची पोच मिळे, आणि बदल्यात भाचा झाड पाठवी. समाजशास्त्रज्ञांनी या देवाणघेवाणीची पुरेशी दखल घेतलेली नाही.

मुद्द्याची गोष्ट अशी की हे शेत खेळाडूच्या मालकीचे नव्हतेच. खेळाच्या अटींनुसार खेळाडूला आभासी वस्तू वापरण्याचा केवळ परवाना होता. सातबाराच्या भाषेत सांगायचे तर खातेदार म्हणून नाव कंपनीचे आणि खेळाडू हा निव्वळ कूळ, म्हणजे जमीनदाराच्या नातवाच्या वाट्याला अखेर कूळपण आले. ३१ डिसेंबर २०२० रोजी, खेळ ज्या ‘फ्लॅश’ या तंत्रावर चाले त्याचाच आधार संपल्यामुळे, फार्मव्हिल बंद झाले आणि सर्व कुळे एका रात्रीत बेदखल झाली. कसेल त्याची जमीन या तत्त्वाने त्यांचा दावा बळकट होता. तरी प्रस्तुत लेखकाने तहसीलदारांकडे अर्ज केलेला नाही, कारण १९५७ मध्ये त्याच्याच घराण्याने या तत्त्वाविरुद्ध बरीच ओरड केली होती, आणि ती कागदोपत्री आहे. ऑफर-वॉलशी या साऱ्याचा संबंध असा की वाळलेले पीक पुन्हा हिरवे करण्याचा एक फवारा मिळे, तो फार्म कॅशमध्येच मिळे, आणि फार्म कॅश नसलेला, पण स्वतःला धूर्त समजणारा शेतकरी तेव्हा त्या भिंतीपाशी येऊन आपला मोबाइल क्रमांक तारण ठेवी.

हा व्यवहार नासला तो काही माणसे दुष्ट होती एवढ्यामुळे नव्हे. त्याच्या रचनेतच नासण्याची सोय होती. नवे खेळाडू मिळवायचे तर खेळ बनवणाऱ्याला फेसबुकवर जाहिराती विकत घ्याव्या लागत. ज्याच्या ऑफर-वॉलवर फसव्या योजना असत त्याला दर खेळाडूमागे अधिक पैसे सुटत. तो अधिक जाहिराती घेई आणि झपाट्याने वाढे. प्रामाणिक प्रतिस्पर्ध्याला तेवढी बोली परवडत नसे. त्याने एक तर मागे पडावे किंवा आपल्या भिंतीवरही बुद्ध्यांकाची चाचणी टांगावी. फसवणुकीचा पैसा जाहिरातींच्या रूपाने फेसबुककडेच येत असल्याने नियम लागू करण्याची घाई तेथेही कोणाला नव्हती. ३१ ऑक्टोबर २००९ रोजी ‘टेकक्रंच’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाचे संस्थापक मायकेल अरिंग्टन यांनी ‘स्कॅमव्हिल’ या नावाने हे सारे चव्हाट्यावर मांडले. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतील एका परिषदेत त्यांनी हाच आरोप तोंडावर केला असता अनु शुक्ला यांनी त्याची वासलात एकाच शिवीची चढत्या क्रमाने तीन रूपे वापरून लावली. व्याकरणात विशेषणांच्या तर-तम भावाचे इतके सुबोध उदाहरण क्वचितच मिळते. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या जागी नवे मुख्य कार्यकारी अधिकारी आले. झिंगाचे संस्थापक मार्क पिंकस यांचे बर्कलेतील आधीचे एक भाषणही तेव्हा पुढे आले. ताबडतोब महसूल हवा होता म्हणून करता येतील ती सर्व वाईट कामे आपण केली, पोकरच्या चिपा देऊन लोकांच्या संगणकात एक टूलबार बसवायला लावला, आणि तो टूलबार आपल्यालाही स्वतःच्या संगणकातून काढता आला नाही, असे त्यांनी त्यात हसत सांगितले होते. पुढे झिंगाने ऑफरी काढून टाकल्या, आणि तिचा नवाकोरा ‘फिशव्हिल’ जाहिरातींच्या नियमभंगापायी फेसबुकने काही दिवस बंद ठेवला.

या प्रकरणाची टिंगल करणे सोपे आहे, कारण फसणारा मनुष्य गुलाबी ट्रॅक्टरसाठी फसला. परंतु ऑफर-वॉल ही मुळात ज्यांच्यापाशी क्रेडिट कार्ड नाही त्यांच्यासाठी होती, आणि त्यांत मुले पुष्कळ होती. ज्या फोनचा क्रमांक ती देत त्याचे बिल घरातील दुसरेच कोणीतरी भरे, आणि त्या बिलावरील दहा डॉलरांची ती ओळ कशाची, हे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नसे. महाराष्ट्राला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही, कारण येथे तो खेळाविनाच चालू होता. राशिभविष्य, विनोद, क्रिकेटचा स्कोअर अशा ‘मूल्यवर्धित सेवा’ न मागता सुरू होत आणि रिचार्जमधील बॅलन्स कापला जाई. सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दुहेरी संमती घेण्याचे नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ‘ट्राय’ला, २०१३ मध्ये कडक करावे लागले. ज्या घरांत आईसाठी वेगळा साधा फोन घेतलेला होता तेथे, बॅलन्स कुठे गेला असे विचारले की ती ‘माझंच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल’ असे म्हणे आणि नंतर कितीतरी दिवस फोनला हात लावायला बिचके. या धंद्याचे सर्वांत किळसवाणे यश, प्रस्तुत लेखकाच्या मते, त्या वाक्यात आहे. पैसे कापणाऱ्याने दोषही त्या बाईच्या बोटावर ढकलला होता, आणि तिने तो बिनतक्रार पत्करला होता.

पुढचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १ जुलै २०११ पासून फेसबुकने आपल्या मंचावरील खेळांना ‘फेसबुक क्रेडिट्स’ हे स्वतःचे चलन सक्तीचे केले आणि त्यातून तीस टक्के कापून घ्यायला सुरुवात केली, ज्यामुळे मधला दलाल बराचसा हटला आणि त्याच्या जागी घरमालकच बसला. ऑफरपालने टॅपजॉय ही कंपनी विकत घेऊन तिचेच नाव धारण केले आणि आपला मुक्काम मोबाइलवर हलवला; तेथे २०११ मध्ये, नाण्यांचे आमिष दाखवून दुसरी अ‍ॅप उतरवून घ्यायला लावणाऱ्या खेळांना अ‍ॅपलने मज्जाव केला. मग ‘रिवॉर्डेड व्हिडिओ’ आला, म्हणजे अर्धा मिनिट जाहिरात पाहिल्याबद्दल खेळातील एक जीव किंवा मूठभर नाणी देण्याची पद्धत. तिच्यात फोन नंबर लागत नाही, म्हणून ती सभ्य मानली जाते. प्रस्तुत लेखक त्या अर्ध्या मिनिटात आवाज बंद करून फोन पालथा ठेवतो आणि जाहिरातदाराची जिरवतो. जाहिरात पूर्ण दाखवली गेल्याची नोंद मात्र फोन पालथा असतानाही होते.

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच टॅपजॉयशी एक तडजोड जाहीर केली. आरोप असा होता की खेळाडूंनी ऑफरींतील कामे पुरी केली, माहिती दिली, काहींनी पैसेही मोजले, पण कबूल केलेली नाणी त्यांना मिळालीच नाहीत, आणि तक्रारींचा ढीग साचूनही कोणी दाद दिली नाही. २००९ मध्ये बिल येई, पण निदान नाणी तरी खात्यात पडत. अभ्यासक म्हणून प्रस्तुत लेखक या ऱ्हासाची शांतपणे नोंद करतो. फुकट्या म्हणून मात्र तो खवळला आहे, आणि ज्याने काहीच विकत घेतलेले नाही त्याने ग्राहक आयोगाच्या अर्जात ‘नुकसानभरपाईची रक्कम’ या रकान्यात काय लिहावे, याची तो सध्या वकिलांकडे चौकशी करत आहे. सल्ला फुकट मिळेल तेथेच.