सुरगाठवाले गुरुजी

ऑगस्टात तिरोड्याच्या आजूबाजूच्या गावांत दोन तऱ्हेची माणसं आभाळाकडे बघत असतात. एक, ज्यांची रोवणी अडली आहे ती. आणि दुसरे आमचे गुरुजी. रोवणीवाल्यांना पाऊस हवा असतो, गुरुजींना नको असतो. पावसानं दोरी फुगते, फुगलेली दोरी सुरगाठीची निरगाठ करते, आणि पंधरा तारखेला सरपंचबाईंनी झटका दिला की झेंडा वर गुंडाळलेलाच राहतो. गुरुजींच्या हातून असं एकदाही झालेलं नाही. शेजारच्या गावात एकदा झालं होतं. ते सांगताना गुरुजी आवाज असा खाली आणतात की ऐकणाऱ्यानं विचारावं, माती किती वाजता?

असे एक गुरुजी बहुतेक जिल्हा परिषद शाळांत असतात. मुख्याध्यापक येतात, बदलून जातात. झेंड्याचं कपाट मात्र यांच्याच किल्लीनं उघडतं. आत डांबरगोळ्यांच्या वासात खादीचा झेंडा, 2002 ची ध्वजसंहिता आणि मागच्या वर्षीचं बुंदीचं बिल. 2021 च्या डिसेंबरात सरकारनं मशीनवर बनलेल्या पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही परवानगी दिली, तेव्हा गुरुजी दोन दिवस धड जेवले नाहीत असं घरून कळलं. पुढच्या जुलैत झेंडा रात्रीही फडकता ठेवायची मुभा मिळाली. ती त्यांनी अजून घेतलेली नाही. सगळे बुंदी खाऊन घरी गेले की व्हरांड्यात खुर्ची टाकून ते सूर्य मावळायची वाट बघत बसतात, कारण गावातल्या बकऱ्यांना संहिता लागू नाही.

सरावाला खरा झेंडा काढायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. म्हणून तेरा तारखेला गुरुजींचा दुपट्टा घडी घालून वर चढतो, आत फुलांऐवजी जुन्या वहीचे तुकडे. दोरी ओढली, दुपट्टा सुटला, कागद उडाले, की पहिलीतली पोरं खाडकन सलामी देतात.

‘‘अरे, हात खाली! तो माझा दुपट्टा आहे!’’

‘‘तुमचाच हाय ना जी,’’ एक पोरगी हात न काढता म्हणते, ‘‘म्हून तं.’’

बाकीचे शिक्षक सुखी आहेत. राष्ट्रीय पक्षी मोर, फूल कमळ, झाड वड. पाठ झालं, सुट्टी. गुरुजींना मात्र अर्थ समजावून सांगायची हौस आहे आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. खिशातून पाचाचं नाणं काढून ते सारनाथचा स्तंभ समजावतात. सम्राट अशोकाचा काळ, 26 जानेवारी 1950 ला स्वीकारलेली राजमुद्रा, चार दिशांना तोंडं केलेले चार सिंह.

‘‘तीनच हायेत जी.’’

‘‘चौथा मागे आहे. दिसत नाही.’’

पोरगं नाणं हातात घेतं, उलटं करतं आणि प्रामाणिकपणे सांगतं, ‘‘मागं तं पाच लिवलं हाय.’’

वाघाच्या दिवशी तर गुरुजींनी सुट्टीच टाकावी. शहरातल्या पोरांना वाघ हा राष्ट्रीय प्राणी असतो. आमचं नागझिरा फार लांब नाही. ‘‘त्यानं आमच्या आज्याची कालवड नेली, तं तो राष्ट्रीय कसा?’’ या प्रश्नावर गुरुजी वनखात्याच्या नुकसानभरपाईचा अर्ज कसा भरायचा ते शिकवतात. नागरिकशास्त्राचा याहून उपयोगी तास मी पाहिलेला नाही. चक्राच्या 24 आऱ्या मोजून घेताना बाबांच्या सायकलीत त्याहून जास्त निघतात, मग देशाला कमी का, हा वाद उरतोच. आणि झेंड्याच्या बाजूला दुसरा कोणताही ध्वज त्याच्याहून उंच असता कामा नये, हे सांगून होतं न होतं तोच कोणीतरी खिडकीतून अदानींच्या वीज प्रकल्पाच्या चिमणीकडे बोट दाखवतं. तीन हजार तीनशे मेगावॅटचा प्रकल्प. चिमणी काही काठीला जुमानत नाही. गुरुजी संहिता चाळतात. ‘‘चिमणीचा उल्लेख नाही,’’ ते निकाल देतात, आणि वर्ग पुढे सरकतो.

प्रतिज्ञेचा तास त्यांचा आवडता. पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली ती प्रतिज्ञा पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 साली मूळ तेलुगूत लिहिली आणि हे गृहस्थ विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते, हे गुरुजी दरवर्षी सांगतात. पोरांना कोषागार म्हणजे काय ते कळत नाही. शिक्षकांना कळतं. ज्यांची थकबाकीची बिलं महिनोन् महिने तिथं झोपलेली असतात, ते शिक्षक कोषागारातून इतकी चांगली गोष्ट बाहेर पडली यावर विश्वास ठेवायला तयार नसतात.

राष्ट्रगीत 52 सेकंदांचं. आमची पोरं ते 44 मध्ये उरकतात, कारण घमेल्यातली बुंदी समोरच ठेवलेली असते. ‘‘आठ सेकंद कोणी खाल्ले?’’ गुरुजी घड्याळ नाचवत विचारतात, ‘‘देशाचे होते ते!’’ पुन्हा एकदा. घरी पोवारी, वर्गात मराठी, टीव्हीवर हिंदी आणि रांगेत उभं राहून बंगाली. तरी ही पोरं शब्द चुकत नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं. एकदा शिपायानं विचारलं, ‘‘गुरुजी, यात तिरोडा कुठं आला जी?’’ गुरुजी म्हणाले, मराठा म्हटलं की आलाच. शिपाई विदर्भवादी. ‘‘आन् येगळं राज्य झालं मंग?’’ गुरुजींनी त्याला शांतपणे बसवून घेतलं. 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात, 1960 पासून महाराष्ट्रात. जिल्हा भंडारा होता, 1999 च्या 1 मेपासून गोंदिया झाला. तिरोडा जागचा हलला नाही आणि कवितेला एक अक्षर बदलावं लागलं नाही. ‘‘तरी पाहिजेच असेल तर पुढे विंध्य आहे, तिथं उभा राहा,’’ एवढी सवलत त्यांनी दिली.

सोळा तारखेची सकाळ मात्र त्यांना थोडी महागात पडली. चौकात, नालीत पडलेले कागदी झेंडे गोळा करायला पोरांना लावलं आणि एका झेंड्याला एक पेन्सिल कबूल केली. हे काम गावात दुसरं कोणी करत नाही. गुरुजींचा सगळा हेकटपणा मी या एका कामासाठी माफ करतो. दहा वाजता चौथीतला एक मुलगा कोरे करकरीत साठ झेंडे घेऊन आला. मामाच्या दुकानात न खपलेला माल होता. गुरुजींनी तीस पेन्सिली दिल्या, तीस उधार लिहून ठेवल्या.

घरीही सुटका नाही. वार्तापटात किंवा माहितीपटात राष्ट्रगीत आलं तर प्रेक्षकांनी उभं राहणं अपेक्षित नाही, असं सरकारी सूचनेतच आहे. ते त्यांना पाठ आहे आणि टीव्हीच्या बाबतीत मान्य नाही. मुलीला पाहायला गोंदियाचे पाहुणे आले, पोहे वाढले गेले आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर क्रिकेटचा सामना सुरू व्हायची वेळ झाली. गुरुजी उठले. मुलगी ट्रेसकट उभी. पाहुणेही बशा धरून उभे राहिले. मुलाची आत्या तोंडातला घास ना गिळत होती ना चावत होती. आत दूध उतू गेल्याचा वास आला. कोणी हललं नाही.

गीत संपलं. गुरुजींनी मनगट पाहिलं. ‘‘पंचावन्न. लांबवलं.’’

मुलाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनीही मनगट पाहिलं होतं.

‘‘चौपन्न जी,’’ ते म्हणाले, ‘‘तुमचं घड्याळ पुढं आहे.’’

सोयरीक तिथंच पक्की झाली.